मदत हवी आहे: घरच्या कॉम्प्युटरचा आयपी अ‍ॅड्रेस बदलायचा आहे (ठाणे, केबलवाल्याचं नेट)

कोलशेतकर:
नमस्कार मंडळी. विंडोज ११ चा डेस्कटॉप आहे, वायरने राउटरला जोडलेला. सोसायटीत केबलवाल्याचंच फायबर आहे. त्याचा डबा (ओएनटी) वेगळा आणि त्यापुढे आमचा स्वतःचा राउटर. त्याच राउटरवर सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर, टीव्ही आणि घरातले फोन.

त्रास दोन प्रकारचा आहे. लाइट जाऊन आली की बऱ्याचदा डेस्कटॉपवर 'आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा मेसेज येतो आणि नेट बंद पडतं. फोनवर तेव्हा नेट व्यवस्थित चालू असतं. दुसरं म्हणजे बँकेची साइट उघडली की 'तुमच्या आयपीवरून फार रिक्वेस्ट आल्या आहेत' म्हणून बाहेर काढते. हे मात्र फोनवर घरच्या वायफायलाही होतं.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सेटिंगमध्ये हाताने १९२.१६८.१.१० टाकून पाहिलं. नेट 'कनेक्टेड' दिसतं, पण एकही साइट उघडत नाही, आणि बँकेचं तर जिथल्या तिथेच. सध्या परत ऑटोमॅटिक करून ठेवलंय. आयपी नक्की कुठून बदलायचा?

आरजे४५:
तुमचे दोन्ही त्रास 'आयपी' या एकाच नावाखाली आलेत, पण पत्ते दोन आहेत. १९२.१६८ ने सुरू होतो तो घरातला पत्ता. तो तुमचा राउटर देतो आणि तो घराबाहेर कुणालाच दिसत नाही. बँकेला दिसतो तो बाहेरचा पत्ता, जो केबलवाल्याच्या हातात असतो. आतला शंभर वेळा बदललात तरी बाहेरच्याला पत्ता लागणार नाही.

औषधाआधी तपासणी करू. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडा. आत आयपीकॉन्फिग /ऑल द्या. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीत करायची. आयपीकॉन्फिग हा सलग एक शब्द, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ.) 'इथरनेट' खाली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, डिफॉल्ट गेटवे, फिजिकल अ‍ॅड्रेस आणि डीएचसीपी एनेबल्ड या चार ओळी बघा. (गेटवे म्हणजे राउटरचा घरातला पत्ता. डीएचसीपी म्हणजे राउटरने पत्ता आपोआप देणं. फिजिकल, हार्डवेअर आणि मॅक अ‍ॅड्रेस ही एकाच गोष्टीची नावं: यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा नंबर.) आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर विंडोजने तो स्वतःच लावून घेतलाय, म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. मग आधी केबल आणि पोर्ट बघायचं.

दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर > विंडोज लॉग्ज > सिस्टिम. तिथे 'टीसीपीआयपी' या सोर्सची ४१९९ नंबरची नोंद शोधा. कॉन्फ्लिक्ट कुठल्या पत्त्यावर झाला आणि समोरच्या यंत्राचा हार्डवेअर अ‍ॅड्रेस काय, दोन्ही तिथे लिहिलेलं असतं. लोक राउटर बदलतात, पण ही नोंद कुणी उघडत नाही.

आणि राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकला की उघडतं ते) 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला केबलवाल्याकडून मिळालेला पत्ता, किंवा 'इंटरनेट आयपी' काय दिसतो तेही टाका. पहिले दोन आकडे पुरेत, अख्खा पत्ता इथे लिहू नका.

कोलशेतकर:
आयपी १९२.१६८.१.१०८, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी एनेबल्ड 'येस'. ४१९९ च्या नोंदी आहेत, सगळ्या १०८ वरच, आणि प्रत्येकीत हार्डवेअर अ‍ॅड्रेस एकच, तो माझ्या कॉम्प्युटरचा नाही. राउटरच्या डीएचसीपी पानावर १०० ते १९९ लिहिलंय. वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो.

आरजे४५:
१०८ म्हटल्यावर संशय थेट डीव्हीआरवर. बऱ्याच डीव्हीआरना कारखान्यातूनच १९२.१६८.१.१०८ हा पत्ता कायमचा घालून दिलेला असतो आणि बसवणारा माणूस तो बदलत नाही. खात्री करायची तर डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत मॅक अ‍ॅड्रेस असतो, तो ४१९९ मधल्याशी ताडून बघा.

हे लाइट आल्यावरच का होतं तेही सांगतो. राउटर लवकर उठतो. डीव्हीआरला हार्ड डिस्क तपासून सुरू व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात डेस्कटॉप चालू झाला की राउटर त्याला यादीतला मोकळा वाटणारा पत्ता देतो. विंडोज वापरण्याआधी 'हा कुणाचा आहे का?' असं नेटवर्कवर विचारून घेतं, पण डीव्हीआर अजून झोपेत, त्यामुळे उत्तर येत नाही. मागून डीव्हीआर उठतो आणि तोच पत्ता लावतो. एका पत्त्यावर दोन दावेदार, झाला कॉन्फ्लिक्ट. रिलीज-रिन्यू (जुना पत्ता सोडून राउटरकडून नवा मागणं) केलं की डेस्कटॉपला दुसरा पत्ता मिळून तेवढ्यापुरतं सुटतं आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

म्हणून बदल कॉम्प्युटरवर नाही, डीव्हीआरवर करा. मेन मेनू > नेटवर्क > टीसीपी/आयपी. आयपी १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएसमध्येही (साइटच्या नावाचा आकडा काढून देणारी सेवा) १९२.१६८.१.१. सेव्ह करून डीव्हीआर रीस्टार्ट. २० हा आकडा १०० ते १९९ च्या बाहेर आहे, त्यामुळे राउटर तो दुसऱ्या कुणाला देणारच नाही. मोबाइल अ‍ॅपमध्ये डीव्हीआर सीरियल नंबरने जोडला असेल तर काही करावं लागणार नाही. आयपीने जोडला असेल तर तिथेही १०८ च्या जागी २० करा, नाहीतर 'कॅमेरे गेले' म्हणून घरात ओरड होईल.

मग डेस्कटॉपवर आयपीकॉन्फिग /रिलीज, पाठोपाठ आयपीकॉन्फिग /रिन्यू. रिलीजनंतर नेट तुटतं, ते अपेक्षितच आहे. रिमोटने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून ही कमांड देऊ नका, परत आत शिरता येणार नाही.

ऐरोली नाका:
निदान बरोबर. हाताने पत्ता टाकल्यावर साइट का उघडत नव्हत्या ते राहिलं. डीएनएसचा रकाना रिकामा सोडला असणार. पत्ता लागला, राउटरपर्यंत रस्ता आहे, पण साइटच्या नावाचा आकडा काढून देणारं कुणी नाही. असं पुन्हा झालं तर पिंग ८.८.८.८ देऊन बघा. उत्तर आलं आणि तरी साइट उघडत नसेल तर चूक डीएनएसची.

विंडोज ११ मध्ये हाताने टाकायचंच तर: सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेट > इथरनेट > 'आयपी असाइनमेंट' समोर एडिट > मॅन्युअल > आयपीव्ही४ चालू. आयपी, मास्क, गेटवे आणि प्रिफर्ड डीएनएस, चारही रकाने भरायचे. डीएनएसमध्ये राउटरचाच पत्ता किंवा १.१.१.१.

पण माझं मत स्पष्ट आहे: कॉम्प्युटरवर हाताने आकडे टाकूच नयेत. लॅपटॉप असेल तर तोच पत्ता घेऊन ऑफिसात जातो आणि तिथलं नेट लागत नाही. उद्या राउटर बदलला आणि नवा १९२.१६८.०.१ वाला निघाला तर सगळं बंद, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही. त्यापेक्षा राउटरवर रिझर्व्हेशन करा. डीएचसीपीच्या पानाजवळ 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे कॉम्प्युटरचा फिजिकल अ‍ॅड्रेस आणि हवा तो आयपी लिहून सेव्ह. कॉम्प्युटर ऑटोमॅटिकवरच राहतो, पण पत्ता दरवेळी तोच मिळतो.

यात लोक हमखास दोन ठिकाणी अडकतात. वायरचा आणि वायफायचा फिजिकल अ‍ॅड्रेस वेगळा असतो, त्यामुळे वायरचा लिहून वायफायवर बसलात तर रिझर्व्हेशन लागत नाही. आणि वायफाय असेल तर 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' घरच्या नेटवर्कपुरतं बंद करा, नाहीतर फिजिकल अ‍ॅड्रेस बदलत राहतो. फोनवरही असंच सेटिंग असतं. प्रिंटरचं मात्र रिझर्व्हेशन आजच करून टाका, पत्ता बदलला की तो 'ऑफलाइन' दाखवायला लागतो.

पामबीच:
एवढं कशाला? व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारं अ‍ॅप) टाका, बँकेला दुसरा आयपी दिसेल.

नेरूळ पूर्व:
बँकेसाठी व्हीपीएन नको. तिथलाही पत्ता शेकडो जण वापरत असतात, त्यामुळे बँका तो आणखी संशयाने बघतात. अचानक परदेशातून लॉगिन दिसलं तर खातंच तात्पुरतं लॉक व्हायचं.

कोलशेतकर, तुमचं उत्तर १००.७२ मध्ये आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास नेट पुरवणाऱ्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. म्हणजे तुमच्या राउटरलाही खरा सार्वजनिक पत्ता मिळालेला नाही. केबलवाला बऱ्याच ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतो, त्याला सीजी-नॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे छोट्या पुरवठादारांना दुसरा इलाज नसतो. त्या पत्त्यामागच्या कुणाच्या तरी व्हायरसवाल्या कॉम्प्युटरने बँकेवर रिक्वेस्टचा मारा केला, तर दार सगळ्यांनाच बंद होतं.

आधी पडताळा. कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या (सिमचा डेटा, घरचं वायफाय नाही) आणि बँक उघडा. उघडली तर कॉम्प्युटर निर्दोष. मग ओएनटी आणि राउटर दोन्ही १०-१५ मिनिटं बंद ठेवून चालू करा. 'व्हॉट इज माय आयपी' शोधून आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघा. कधी बदलतो, कधी नाही, सीजी-नॅटवर भरवसा नाही. लांबलचक, अक्षरं आणि कोलन असलेला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ चा. तुलना आयपीव्ही४ चीच करा.

एक करू नका: राउटरमधलं 'मॅक क्लोन' वापरून पत्ता बदलायचा प्रयत्न. केबलवाल्याकडे बरेचदा मॅक बाइंडिंग असतं, म्हणजे त्यांच्याकडे नोंदवलेल्या मॅकलाच नेट मिळतं. राउटरचा मॅक बदलला की नेट पूर्ण बंद, आणि त्यांनी त्यांच्या सिस्टिममधून सोडवेपर्यंत बसून राहायचं. रविवारी तर फोनही उचलत नाहीत.

तक्रार करताना 'नेट चालत नाही' म्हणू नका, माणूस येईल, स्पीड टेस्ट दाखवून जाईल. असं लिहून पाठवा: 'माझा वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो, मी सीजी-नॅटवर आहे. बाहेरचा पत्ता अमुक, तो अमुक साइटवर अमुक वेळेपासून ब्लॉक आहे. दुसऱ्या पूलवर टाका, नाहीतर स्टॅटिक पब्लिक आयपीचा दर कळवा.' (पूल म्हणजे बाहेरच्या पत्त्यांचा गट, स्टॅटिक पब्लिक आयपी म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता.) नोडवर बसणाऱ्याला हे लगेच कळतं.

कोलशेतकर:
मॅक डीव्हीआरचाच निघाला. त्याला २० दिला, प्रिंटरचं रिझर्व्हेशन केलं. मेन स्विच पाडून पुन्हा चालू केला, कॉन्फ्लिक्ट आला नाही. हॉटस्पॉटवर बँक उघडली. केबलवाल्याला वरचा मजकूर पाठवलाय, त्याचं म्हणणं स्टॅटिक घ्या, पैसे वेगळे पडतील. स्टॅटिक घेतला तर कॅमेरे बाहेरून थेट बघता येतील का?

नेरूळ पूर्व:
येतील, पण त्यासाठी डीव्हीआरचा पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. असे उघडे डीव्हीआर शोधत फिरणारे बॉट असतात आणि कारखान्याचा पासवर्ड त्यांना पाठ असतो. सीरियल नंबरवालं अ‍ॅप सीजी-नॅटमधूनही चालतं, तेच ठेवा. नुसत्या बँकेसाठी स्टॅटिक घेण्याआधी पूल बदलून द्यायला सांगा, ते बहुतेक फुकट होतं.

ऐरोली नाका:
कुणी विंडोज १० वर हे करत असेल तर एक फरक. तिथे मास्कऐवजी 'सबनेट प्रीफिक्स लेंथ' असा रकाना आहे. त्यात २५५.२५५.२५५.० टाकलं तर सेव्हच होत नाही आणि एररमध्ये कारण नीट सांगत नाही. तिथे फक्त २४ लिहायचं.