मदत हवी आहे: घरचा शवरमा – चिकनला पाणी सुटतं, थर निखळतात, तूम फाटतं

तापीकाठ (भुसावळ):
रविवारी घरी १२ माणसांसाठी शवरमा करायचा आहे. सामान म्हणजे २८ लिटरचा ओटीजी (छोटं विजेचं ओव्हन), मिक्सर आणि लोखंडी तवा. आतापर्यंतची कृती अशी: १ किलो चिकन (छातीचं), २ वाट्या दही, ३ लिंबं, मसाला, रात्रभर मुरवणं. मग अर्ध्या कांद्यात सळई उभी रोवून तिच्यावर तुकडे ओवायचे आणि २०० अंशांवर ४० मिनिटं भाजायचे. ट्रेमध्ये वाटीभर पाणी साचतं, चिकन भाजण्याऐवजी शिजतं, आणि सुरी लावली की तुकडे निखळतात. लसणाचं तूम (लसूण-तेल घोटून केलेली घट्ट पांढरी चटणी) मिक्सरमध्ये फाटतं. पोळी गुंडाळताना मधोमध तडकते. शिवाय ग्रीक जायरो आणि शवरमा यांत नेमका फरक काय, तेही सांगा. कृपया मापांसकट लिहा.

सातपुडा_पायथा:
भाऊ, पाण्याची अडचण सगळ्यात मोठी, तिथूनच सुरुवात करू. उभ्या भट्टीत चिकनचा फक्त बाहेरचा पातळ थर आगीसमोर असतो. तो खरपूस झाला की उतरवतात, मग आतला थर पुढे येतो. वरची चरबी ओघळत खालच्या थरांना लागत राहते. ओटीजीत तसं होत नाही. एक किलोचा ढीग चहूबाजूंनी एकदम तापतो आणि बाहेरून रंग धरायच्या आत आतलं पाणी सुटतं. ते पाणी उडेपर्यंत वरचा भाग १०० अंशांच्या पुढे जातच नाही, मग खरपूस कुठून होणार? म्हणून घरी ही दोन कामं वेगळी करा: आधी शिजवा, नंतर तव्यावर खरपूस करा.

छातीचं चिकन घेऊ नका, लेग बोनलेस घ्या. ते थोडं जास्त शिजलं तरी कोरडं पडत नाही. १ किलोमागे १०० ग्रॅम कातडी मागून घ्या, चरबीसाठी. प्रत्येक तुकडा मधून उघडून अर्ध्या सेंटीमीटरइतका पातळ करा आणि कापडाने पूर्ण टिपून घ्या. मीठ १५ ग्रॅम, म्हणजे अडीच सपाट छोटे चमचे. आधी नुसतं मीठ घालून ४-५ मिनिटं हाताने चांगलं रगडा. चिकन बोटांना चिकटायला लागतं, तुकडा उचलला तर त्याला बाजूचा तुकडा लोंबत येतो. मिठामुळे बाहेर आलेली ही प्रथिनंच पुढे थर धरून ठेवतात. तुमचे थर निखळतात ते हे रगडणं नसल्यामुळे.

मग १०० ग्रॅम चक्का (पातळ दही नको), १ मोठा चमचा लिंबाचा रस, २० ग्रॅम वाटलेला लसूण, २ मोठे चमचे तेल, जिरेपूड आणि धनेपूड २-२ छोटे चमचे, मिरपूड १, तिखट १, दालचिनी, वेलची आणि हळद अर्धा-अर्धा. तीन लिंबं फार झाली. एवढ्या आंबटात रात्रभर ठेवलं की चिकन वरून पिठूळ होतं आणि पाणी जास्त सोडतं. ६ ते ८ तास पुरेत, तेही फ्रिजमध्येच. आपला काळा मसाला इथे घालू नका. त्यातलं खोबरं तव्यावर जळतं आणि बाकी सगळ्या चवी दबतात.

ब्रेडच्या लांबट डब्यात तळाशी कातडी, वर एकेक थर दाबून बसवा, मध्ये हवा राहू देऊ नका. वर फॉइल लावून १८० अंशांवर ६० ते ७० मिनिटं. मध्यभागी ७४ अंश झालेच पाहिजेत. चांगलं ओव्हन घेण्यापेक्षा आधी साधा किचन थर्मामीटर घ्या, हा माझा आग्रह आहे. मग फॉइलवरच वरवंटा आडवा ठेवून २० मिनिटं दाब द्या. सुटलेला रस गाळून ठेवा, टाकू नका. गार झाल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी लादी घट्ट असते, धारदार सुरीने ३ मिलिमीटरच्या चकत्या सहज पडतात. लोखंडी तवा धूर यायच्या बेतात तापवा. एका वेळी २०० ग्रॅमच, एकाच थरात पसरा आणि दीड मिनिट अजिबात हलवू नका. कडा तांबूस-काळसर झाल्या की उलटा, राखलेला रस २ चमचे शिंपडा, तो आटला की उतरवा. सगळं एकदम तव्यावर घातलंत तर पुन्हा पाणी सुटेल.

कपाशी_चोपडा:
ओटीजी नसेल तर हीच लादी वाफवता येईल का?

सातपुडा_पायथा:
हो. अर्धा किलो चिकन, डब्यातली उंची दोन इंचांपेक्षा जास्त नको. घट्ट झाकण लावून इडलीपात्रात ४० मिनिटं, मग मध्ये थर्मामीटर घालून ७४ अंश तपासा, कमी असेल तर आणखी १० मिनिटं. रंग येणार नाही, पण तो तव्यावर यायचाच आहे.

रावेरची_लेक:
पोळीबद्दल मी लिहिते. १२ पोळ्यांसाठी ६०० ग्रॅम पीठ (४५० मैदा, १५० कणीक), ३९० मिली पाणी, ११ ग्रॅम मीठ, १ छोटा चमचा साखर, २ मोठे चमचे तेल, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. आता आपल्याकडे दुपारी स्वयंपाकघरातच ४० अंश असतात, म्हणून यीस्ट ३ ग्रॅमच घ्या आणि फ्रिजचं गार पाणी वापरा. नाहीतर पीठ तासाभरात फुगून आंबतं आणि पोळी लाटताना फाटते. १० मिनिटं मळा, दुप्पट होऊ द्या, ८५ ग्रॅमचे गोळे करा, १५ मिनिटं झाकून ठेवा.

तडकण्याचं कारण बहुतेक वेळा मंद तवा. पोळी तिथे भाजत नाही, वाळते. तवा कडक तापवा, एका बाजूला १ मिनिट, दुसऱ्या बाजूला १ मिनिट, बस्स. उतरवली की लगेच जाड सुती कापडात गुंडाळा आणि एकावर एक रचत जा. वाफेने मऊ राहतात.

ज्यांच्या घरी मांड्यांचं खापर आहे त्यांनी ते नक्की काढावं. लेबनॉन-सीरियाकडे साज म्हणून घुमटाकार लोखंडी तवा असतो, त्याच्यावरची पातळ पोळी शवरम्याला वापरतात. आकार अगदी पालथ्या खापरासारखा. मांडा हातावर फिरवून वाढवतो तसंच हे पीठही वाढतं, फक्त थोडं सैल मळा (पाणी ४२० मिली) आणि यीस्ट वगळा. ज्या हाताला मांडे जमतात त्याला हे नवीन नाही!

पांझरा:
तूम: सोललेला लसूण १०० ग्रॅम, मीठ १ छोटा चमचा, रिफाइंड सूर्यफूल तेल ३५० मिली, लिंबाचा रस ४५ मिली, बर्फाचं पाणी २० मिली. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचा वास लसणावर चढतो. पाकळीतला हिरवा कोंब काढा, तो कडवट लागतो. लसूण-मीठ आधी तेलाशिवाय अगदी गुळगुळीत वाटा, भांड्याच्या कडा खरवडून पुन्हा वाटा. कण राहिले की तूम धरत नाही. तेल फ्रिजमध्ये तासभर गार करा. पहिले ५० मिली थेंबाथेंबाने, पुढचं दोऱ्याइतक्या बारीक धारेने. दर ७०-८० मिली तेलानंतर एक मोठा चमचा रस किंवा बर्फाचं पाणी, मग पुन्हा तेल. मिक्सरचं भांडं हाताला कोमट लागलं की थांबा आणि १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मिक्सर तापतो, तेल एकदम पडतं, तूम फाटतं.

फाटलं तरी फेकू नका. स्वच्छ भांड्यात ४ पाकळ्या, चिमूट मीठ आणि एक चमचा बर्फाचं पाणी वाटा, त्यात फाटलेलं तूम थेंबाथेंबाने घाला. परत धरतं.

कच्च्या अंड्याचं मेयोनेझ मात्र नकोच. केरळने २०२३च्या जानेवारीत आणि तेलंगणाने २०२४च्या ऑक्टोबरात त्यावर बंदी घातली, कारण विषबाधा. आपल्या उन्हात हा धोका घ्यायचं कारणच नाही. तूमही फ्रिजबाहेर ठेवू नका, ४ दिवसांत संपवा.

जायरोही उभ्या सळईवरचाच. दोन्ही नावांचा अर्थ ‘फिरवणं’, मूळ उस्मानी काळातल्या डोनरमध्ये (फिरत्या सळईवरचा तुर्की कबाब). ग्रीसमध्ये तो बहुधा डुकराच्या मांसाचा, कधी चिकनचा असतो. चव ओरेगॅनोची. पिटा जाडसर आणि पोकळी नसलेला, आत बटाट्याच्या तळलेल्या काड्या. तूमऐवजी त्झात्झिकी: २५० ग्रॅम चक्का, एक काकडी किसून, मीठ लावून घट्ट पिळलेली, लसणाच्या २ पाकळ्या, १ चमचा व्हिनेगर, २ चमचे ऑलिव्ह तेल. काकडी नीट पिळली नाही तर तासाभरात पाणी होतं.

तापीकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. १२ जणांत ३ शाकाहारी आहेत. त्यांना पनीर?

रावेरची_लेक:
पनीर चालेल, पण भरिताचं हिरवं वांगं हातात असताना मी तेच करीन. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर किंवा गॅसवर भाजा, सोला, चाळणीत अर्धा तास निथळू द्या. अर्धा किलो गरासाठी २ मोठे चमचे तिळाची पातळ चटणी (पांढरे तीळ हलके भाजून तेलासोबत गुळगुळीत वाटलेले), अर्धं लिंबू, मीठ, लसणाची १ पाकळी. हिरवी मिरची आणि शेंगदाणे यावेळी बाजूला. लेबनॉनचं मुतब्बल हेच. सोबत तळलेले बटाटे आणि व्हिनेगरमधला मुळा घाला, गुंडाळी भरलेली लागते.

सातपुडा_पायथा:
हिशेब लिहून ठेवा. एका गुंडाळीला शिजलेलं चिकन १०० ग्रॅम. १ किलो कच्च्याचं शिजून साधारण ६५० ते ७०० ग्रॅम होतं. ९ जणांना १.४ किलो घ्या, दोन डब्यांत भरा. शनिवारी सकाळी मुरवणं, संध्याकाळी शिजवणं, तूमही शनिवारीच. रविवारी फक्त पोळ्या आणि तवा. शिजवलेली लादी या उन्हात बाहेर एक तासापेक्षा जास्त नको. चकत्या लागतील तेवढ्याच काढा, बाकी फ्रिजमध्ये. कोबी-टोमॅटो चिरून आधीच मीठ लावू नका, गुंडाळी खालून भिजते.