मदत हवी आहे: पार्लरमधल्या रंगीत लेन्समुळे भाचीच्या डोळ्यात फूल पडलं, तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी. एरवी फक्त वाचत असते, पण आज अडले आहे म्हणून धागा काढतेय.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा साखरपुडा झाला. वय २३, चष्मा नाही, डोळ्यांची कधी तक्रार नाही. मेकअपच्या पॅकेजमध्ये ग्रे लेन्स फुकट होत्या. मी शेजारीच बसले होते. मेकअपवाल्या मुलीने डबी उघडली, त्यात आधी कुणीतरी वापरलेल्या लेन्स होत्या. एक लेन्स तिच्या बोटावरून सटकून बेसिनमध्ये पडली. तिने ती नळाखाली धरली, वर दोन थेंब सोल्युशन टाकलं आणि डोळ्यात घातली. मी बघत होते आणि एक शब्द बोलले नाही. ते मनातून जात नाही.

रात्री अकराला लेन्स काढल्या तेव्हा उजवा डोळा लाल. सगळे म्हणाले, जागरण. मेडिकलमधून थेंब आणले, त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी तिला खिडकीचा उजेडही सोसेना. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात मलाही दाखवलं: बुबुळावर ज्वारीच्या दाण्याहून लहान, हिरवा चमकणारा डाग. कॉर्नियल अल्सर, म्हणजे कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) झालेली जखम. जखम खरवडून नमुना तपासायला पाठवला, त्यात स्यूडोमोनास जंतू निघाले. मग दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. ताई मोबाइलवर गजर लावून बसायची. डोळा वाचला, पण जखमेच्या जागी फूल पडलंय. रात्री समोरून गाडी आली की दिवे फाकलेले दिसतात.

डॉक्टरांनी सांगितलं, कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतो. लेन्स म्हणजे त्यावर झाकणच. प्रत्येकाच्या बुबुळाची गोलाई वेगळी, त्यामुळे नंबर शून्य असला तरी माप घ्यावंच लागतं. आणि दुसऱ्याची लेन्स किंवा नळाचं पाणी, दोन्ही डोळ्याला कधीच लावायचं नाही.

मी पार्लरमध्ये जाऊन आले. ती मुलगी रडायलाच लागली. लेन्स ऑनलाइन मागवल्या होत्या म्हणाली आणि रिकामी कुपी माझ्या हातात दिली. आत्ता ती समोर आहे. छोटी काचेची कुपी, वर ॲल्युमिनियमचं बूच, व्यास १४.५ मिमी, वापर एक वर्ष. आयातदाराचं नाव नाही, पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, किंमतही नाही. डोळ्यात घालायच्या वस्तूवर बिस्किटाच्या पुड्याइतकीही माहिती नाही!

अमेरिकेत २००५ पासून नंबर असो-नसो, सगळ्या कॉन्टॅक्ट लेन्स वैद्यकीय उपकरणं धरतात, प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत. जपानने २००९ मध्ये शोभेच्या लेन्सही कायद्याखाली आणल्या. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. मग शून्य नंबरची रंगीत लेन्स त्यात धरतात, की सौंदर्यप्रसाधन म्हणून सुटते? तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची की ग्राहक आयोगाकडे? आणि त्या मुलीचं नाव द्यायचं का? चूक तिची आहेच, पण तिला हा माल विकणारा मोकळा राहू नये असं मला फार वाटतं. नुकसानभरपाईपेक्षा ही विक्री थांबायला हवी आहे.

प्रतिसाद: ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्मा-लेन्सचा नंबर काढणं हे माझं काम. लग्नसराई आली की असे डोळे आमच्याकडे येतातच. आधी एक करा, कुपी आणि डबी धुऊ नका, पिशवीत बंद करून ठेवा. मग अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्यातल्या सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत लॅबचा रिपोर्ट आणि कुपीचे फोटो जोडा, पोच घ्या. शून्य नंबरच्या लेन्सच्या आयातीला आणि विक्रीला परवाना होता का, हे अर्जातच विचारा, म्हणजे लेखी उत्तर द्यावं लागेल. पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता नसणं हा २०११ च्या आवेष्टित (पाकीटबंद) वस्तू नियमांचा भंग आहे, ती तक्रार वैधमापनशास्त्र (वजन-मापं बघणाऱ्या) विभागाकडे वेगळी करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, पण थांबू नका. मुलीचं नाव द्यावंच लागेल, नाहीतर माल कुठून आला ते पुढे कळणारच नाही. तिच्याकडून खरेदीचा तपशील लेखी घ्या, त्यात तिचंही भलं आहे. आणि ऑनलाइन जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, ती काढून टाकायला वेळ लागत नाही.

धागाकर्ती: मनापासून आभार. लगेच तिला फोन केला. ऑर्डर तिच्या मोबाइलमध्ये अजून आहे, लिहूनही देते म्हणाली. तिच्याकडे न फोडलेल्या आणखी सहा कुप्या आहेत! कुणालाही घालू नकोस, तशाच ठेव, असं बजावलं. उद्या अर्जाचा मसुदा इथे टाकते, कृपया तपासून द्या.