मदत हवी आहे: जेलमधल्या बाईला पत्र लिहायचंय, सुरुवात कशी करू?

शेवंती_पिट्सबर्ग
नमस्कार मंडळी, जरा वेगळा विषय आहे, हसू नका. मध्यंतरी 'राइट अ प्रिझनर' ही साइट बघत बसले होते. 2000 सालापासून चालू आहे म्हणे, कैदी स्वतःची माहिती नि फोटो टाकतात आणि ज्याला वाटेल त्याने त्यांना पत्र लिहायचं. तिथे आमच्याच पेनसिल्व्हेनियातल्या मन्सीच्या, म्हणजे बायकांच्या जेलमधली एक बाई दिसली, माझ्याच वयाची, जन्मठेप. इकडे जन्मठेप म्हणजे अक्षरशः जन्मभर, पॅरोल नाहीच, चौदा वर्षांनी सुटतात वगैरे आपल्याकडे जे बोलतात ते इथे विसरा. तिने लिहिलंय की क्रोशाचं काम करते आणि आई गेल्यापासून पत्रं यायची बंद झाली. त्या वाक्यापाशी मी अडकलेय.

नवरा म्हणतो कशाला या लष्कराच्या भाकऱ्या, घरचा पत्ता खुनी बाईला देणार का, आणि आपलं ग्रीन कार्ड अजून लटकलंय त्याचं काय. सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर, "अगं खून केलेल्या बाईशी बोलणार तरी काय?" आणि दोन मिनिटांनी परत त्याच, "पण विचार हं, तिथे भाजी कसली देतात."

तर कुणी केलंय का हे? पत्ता कुठला द्यायचा, पैसे मागितले तर काय करायचं, तिने नक्की काय केलं ते आधी शोधावं की ती सांगेल तेव्हा ऐकावं? पहिलं पत्र लिहून बघितलं तर बँकेत अर्ज केल्यासारखं झालंय, नाव, गाव, शिक्षण, छंद. पुण्याहून आणलेला हातकागद होता, त्यावर लिहून आत एखादं वाळवलेलं फूल ठेवावं असं मनात आहे.

दवबिंदू (ह्यूस्टन)
ताई, आधी तो हातकागद कपाटात ठेवा 😀 तुमच्याकडे सप्टेंबर 2018 पासून साधी टपालं जेलमध्ये जातच नाहीत, फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला एका कंपनीकडे जातात, तिथे स्कॅन होतात आणि बाईंच्या हातात पडते ती कॉपी. मूळ पत्र नंतर नष्ट करतात. लोक कागद ड्रग्जमध्ये भिजवून पाठवायचे, त्यावरून हे सुरू झालं. आमच्या टेक्ससमध्येही 2023 पासून सगळं डॅलसला जाऊन स्कॅन होतं. म्हणून साधा पांढरा कागद, काळी शाई, अक्षर मोठं. फूल, स्टिकर, चमकी, अत्तर काहीही नको, पाकीट तिथूनच परत येईल. मी राखी पाठवून बघितली होती एका वर्षी, तीही परत आली.

नाव आणि इनमेट नंबर (कैदी क्रमांक) पाकिटावर लागतोच, मी प्रत्येक पानावरही टाकते कारण स्कॅनिंगला पानं सुटी होतात. पत्ता राज्याच्या करेक्शन्स (म्हणजे तुरुंग) खात्याच्या साइटवरूनच घ्या, जुन्या ब्लॉगवर थेट जेलचा पत्ता असतो तो चालत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ताही लागतो, त्यासाठी पोस्टात पी.ओ. बॉक्स घ्या, मिस्टरांचा अर्धा प्रश्न तिथेच मिटेल. उरलेल्या अर्ध्याचं सांगते, मी एच-वन व्हिसावर असताना इथल्या एका कैद्याला लिहायला लागले, नंतर कार्ड आलं, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. पत्र लिहिणं गुन्हा नाही. तरी त्यांना झोप लागत नसेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका, हाकानाका.

पैशाचं मात्र पहिल्याच पत्रात एका ओळीत सांगून टाका, की मी पैसे पाठवणार नाही. आत साबणापासून टॅब्लेटवरच्या मेसेजपर्यंत सगळ्याला पैसे पडतात, त्यामुळे मागणारा प्रत्येक जण भामटा असतो असं नाही. माझ्यावाल्याने एकदा मागितले, मी नाही म्हटलं, पुढचं अख्खं पत्र ॲस्ट्रोजच्या (आमची बेसबॉल टीम) मॅचबद्दल होतं. विषय संपला. पण प्रेमाबिमाची भाषा सुरू झाली आणि पाठोपाठ पैशाची अडचण आली तर तिथेच थांबायचं.

वऱ्हाडी_ठेचा
मला एक समजत नाही. 2022 च्या अखेरीस भारतात जवळजवळ पावणेसहा लाख लोक जेलात होते, चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालच लागलेला नाही. जामीन मिळूनही पैशाअभावी आतच बसलेले असतात कितीतरी. त्यांना कोण पत्र लिहितंय? आणि तुम्हाला अमेरिकेतल्या खुनी बाईचा पुळका.

काळा_कोट (नाशिक)
ठेचासाहेब, आकडा बरोबर आहे, पुळका हा शब्द मागे घ्या. ताई राहतात तिथल्या माणसालाच लिहिणार ना.

आता विषय निघालाच आहे तर, आपल्याकडेही कैद्याच्या कागदावरून बरंच रामायण झालंय. तिहारमधल्या सुनील बत्राने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. त्याच्याही आधी, प्रभाकर संझगिरी मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, राजकारणाचा त्यात संबंध नाही, तरी सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना! 1965 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जाऊ द्या.

कामाचं एकच सांगतो. पत्र इथे काय तिथे काय, जेलवाले वाचू शकतात हे धरूनच लिहायचं. तिची केस, अपील, दयेचा अर्ज यावर पत्रात एक अक्षर विचारू नका, तिने लिहिलेलं उद्या तिच्याच विरुद्ध वापरलं जाऊ शकतं. गुन्हा काय ते जाणून घ्यायचं तर तुमच्या राज्यातल्या कोर्टांचे डॉकेट, म्हणजे खटल्यांच्या नोंदी, ऑनलाइन बघता येतात, तिथे बघा. माझं मत, आधीच बघा. नंतर कळून हात आखडता घेण्यापेक्षा ते बरं.

लीड्सकर
मी इंग्लंडमधून लिहितो, अमेरिकेतल्या डेथ रोवरच्या, म्हणजे फाशीची शिक्षा झालेल्या, एकाला. इथे 1987 मध्ये बीबीसीवर मिसिसिपीतल्या फाशीच्या कैद्यांवर डॉक्युमेंटरी लागली होती, ती बघून लोकांनी पत्रं लिहायला घेतली आणि 1988 मध्ये लाइफलाइन्स नावाची संस्थाच उभी राहिली. अशा संस्थेमार्फत गेलं की अडलंनडलं विचारायला कुणीतरी असतं, तुम्ही साइटवरून एकट्याने करताय म्हणून जरा जपून.

दवबिंदूंचं सगळं मान्य, पण पत्ता नि पैसे हे सोपे प्रश्न आहेत हो. घोळ होतो तो वेगळीकडे. सुरुवातीच्या उत्साहात माणूस आठवड्याला दोन पत्रं टाकतो, मग पोरांच्या परीक्षा, भारतवारी, आईचं ऑपरेशन, आणि पत्र बंद. बंद का झालं हेही कळवत नाही कुणी, लाज वाटते म्हणून. आत बसलेला मात्र महिनाभर स्वतःचंच शेवटचं पत्र आठवत बसतो की मी असं काय लिहिलं. तिची आई गेल्यावर पत्रं थांबलीयेत म्हणता, मग तर फारच सांभाळा. महिन्याला एक झेपणार असेल तर एकच कबूल करा, आणि भारतात जाणार असाल तर आधी कळवून जा.

आणि मजकुराचं काय एवढं, सासूबाईंचा भाजीचा प्रश्न जसाच्या तसा लिहा. मी पहिल्या पत्रात आमच्या शेजाऱ्याच्या मांजराने केलेला उच्छाद लिहिला होता, अजून विचारतो तो मांजराबद्दल.

शेवंती_पिट्सबर्ग
सगळ्यांचे आभार. ठेचासाहेब, तुमचा मुद्दा डोक्यात राहिलाय, रागावले नाहीये.

डॉकेट बघितलं. काय ते इथे लिहीत नाही, पण रात्रभर विचार करून सकाळी लिहायचं ठरलंच. पी.ओ. बॉक्स घेतला, किल्ली नवऱ्यानेच आणली पोस्टातून, तोंड वाकडं करून का होईना. आधीचं पत्र फाडलं, नवीन एक पानभर आहे, त्यात सासूबाई, भाजी, आणि हरणांनी माझ्या टोमॅटोची लावलेली वाट. महिन्याला एक पत्र लिहीन हेही आणि पैशाची ती ओळही घातलीय. ती ओळ कुठे घालावी यातच सगळ्यात जास्त वेळ गेला, अखेर मध्ये घातली, पत्राच्या शेवटी नको वाटली.

एकच शंका उरलीय, टोमॅटोच्या वाफ्याचा फोटो पाठवला तर चालेल का? त्यात घराचा नंबर दिसत नाही, बघितलंय.

दवबिंदू (ह्यूस्टन)
चालेल, साधा प्रिंट काढा, पोलरॉइड नको. तोही स्कॅनच होणार आहे, तेव्हा घरातला एकुलता एक प्रिंट पाठवू नका. मागे तिचा नंबर लिहा. हरणांसाठी लाइफबॉय साबण जाळीत बांधून बघा, आमच्याकडे काही उपयोग झाला नाही पण लोक सांगतात.