म्हापशात रस्त्यावरच्या मुलांसाठी निवासी घर : विदेशी स्वयंसेवकांची मदत कशी घ्यावी?

आबोली :
नमस्कार. आम्ही पाच निवृत्त शिक्षक म्हापशाच्या बाजाराजवळ गेली तीन वर्षे संध्याकाळचा वर्ग चालवत आहोत. माळा आणि फुगे विकणारी, बसस्थानकावर बाटल्या गोळा करणारी चौदा मुले सध्या नियमित येतात. आमच्यापैकी एकांचे बार्देशातले जुने घर रिकामे आहे. सहा खोल्या आहेत, विहीर आहे, छप्पर मात्र दर पावसाळ्यात गळते. तेथे या मुलांसाठी निवासी घर सुरू करावे असा विचार आहे. दर हिवाळ्यात गोव्यात येणाऱ्या एका विदेशी दांपत्याने आपल्या ओळखीची तरुण मुले दोन-दोन महिन्यांसाठी पाळीपाळीने पाठवण्याची आणि खर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारी दाखवली आहे. परवानगी कोणाची घ्यावी, पैसा कसा स्वीकारावा आणि या तरुणांना नेमके कोणते काम द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सत्तरीचा :
आबोलीताई, आपल्या तिन्ही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न मी विचारतो, राग मानू नये. या चौदांपैकी किती मुलांना आईवडील आहेत? मी बालसंरक्षणाच्या कामात बरीच वर्षे होतो. माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक मुले कर्नाटकातून मजुरीसाठी किंवा किनाऱ्यावर विक्रीसाठी आलेल्या कुटुंबांतली होती. दिवसभर ती रस्त्यावर दिसत, पण रात्री भाड्याच्या खोलीत आईपाशीच झोपत. अशा मुलाला सहा खोल्यांचे घर आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तरी त्याची आई सुटली तर त्याचे भले झाले असे मी म्हणणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ हाही संस्थेत ठेवण्याकडे शेवटचा उपाय म्हणूनच पाहतो.

तरीही निवासी घरच काढायचे असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम ४१ नुसार नोंदणी आधी हवी. नोंदणीवाचून घर चालवल्यास कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. शिवाय घरात कोणते मूल राहील हे आपण ठरवायचे नसून बालकल्याण समितीने ठरवायचे असते. पालकांपासून दुरावलेले मूल आढळले, तर चोवीस तासांच्या आत कळवावे लागते, त्यासाठी १०९८ हा बालमदतीचा दूरध्वनी क्रमांक आहेच. ‘बिचारे रात्री कुठे जाणार’ म्हणून चार दिवस घरी ठेवून घेणारे सज्जन मी पाहिले आहेत. हेतू चांगला असला तरी ती चूकच.

आणि गोव्यात राहून एक गोष्ट विसरता येत नाही. फातोर्ड्याला अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणारा फ्रेडी पीट १९९१ मध्ये पकडला गेला आणि मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. शेजारीपाजारी त्याला परोपकारी समजत होते, आणि परदेशातून येणारे पाहुणे त्या घराला नवे नव्हते. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे या प्रकरणाची आठवण होती. आपल्या ओळखीच्या दांपत्याविषयी मला काहीही सुचवायचे नाही. घराचे नियम मात्र कोण किती चांगला दिसतो यावर बेतू नयेत, एवढेच म्हणतो.

जमाखर्च :
पैशापुरते लिहितो. विदेशी नागरिकाने दिलेली देणगी रुपयांत असली, हातात दिलेली असली, तरी ती विदेशी योगदानच ठरते आणि तिला २०१० चा विदेशी योगदान (विनियमन) कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्थेला सामान्यतः तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. तोवर ठराविक देणगीदाराकडून ठराविक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांवर नेता येत नाही, आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही.

गोव्यात लोक हमखास फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेलेला आपला सख्खा भाचा कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत असतो, भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. त्याउलट भारतीय पासपोर्टवर आखातात नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा त्यात मोडत नाही. चवथीला आलेल्या नातेवाइकाकडून पाकीट घेण्याआधी पासपोर्ट विचारायला संकोच वाटतो, पण विचारावा.

आबोली :
आपणा दोघांचा आभारी आहे. काल वर्गात विचारून पाहिले. चौदांपैकी बारा मुले आईवडिलांजवळ राहतात, दोन भावंडे मामाकडे आहेत. इतकी साधी चौकशी तीन वर्षांत आम्ही केली नव्हती, याची लाज वाटली. आता निवासी घराऐवजी सकाळी आठ ते रात्री आठ चालणारे केंद्र काढावे असे वाटते. पण स्वयंसेवकांचा प्रश्न उरतोच.

देऊळवाडा :
मी एका बालगृहात नऊ वर्षे गृहमाता होते. तेथे दर हंगामात विदेशी मुले-मुली येत, मनापासून काम करीत, आणि मार्च उलटला की रडत निघून जात. एक पाच वर्षांचा मुलगा नवा चेहरा दिसला की धावत जाऊन मांडीवर बसे. पाहुण्यांना ते फार गोड वाटे. मला मात्र दिसत होते, की ताप आला तरी तो आमच्यापैकी कोणालाही हाक मारत नसे. माणसे जाण्यासाठीच येतात हे तो शिकला होता. म्हणून दोन महिन्यांच्या माणसाला मुलाचे खाणे, न्हाणे, निजवणे यांतले काहीही देऊ नये, दिवसाच्या केंद्रातही नाही. ते काम वर्षानुवर्षे राहणाऱ्या बाईचे आहे, आणि तिचा पगार ही खर्चातली पहिली बाब असावी.

त्यांना काम नाही असे नव्हे. गळके छप्पर आहे, हिशेबाची संगणकावर मांडणी आहे, तुमच्या शिक्षकांना इंग्रजी बोलायला शिकवणे आहे. मुलांना थेट इंग्रजी शिकवण्याचा आमचा प्रयोग फसला, कारण मुले घरात कन्नड किंवा लमाणी बोलत, रस्त्यावर हिंदी, आणि पाहुण्याला यांतले काहीच येत नव्हते. आमच्याकडे शेवटी हे नियम झाले : मूळ देशातील पोलिसांचा दाखला आधी घ्यायचा, मुलासोबत एकट्याने थांबायचे नाही, मुक्काम वेगळ्या जागी, आणि मुलांची छायाचित्रे अजिबात नाहीत. संरक्षणाखालील मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगावे, कारण त्यांचे हात मोबाइलकडे आपोआप जातात. ई-पर्यटक व्हिसावर बिनमोबदला सेवा फार तर एक महिना करता येते, त्याहून अधिक राहायचे असेल तर योग्य व्हिसा काढूनच यावे. जो त्यांना उतरवून घेईल त्याने चोवीस तासांत त्यांच्या मुक्कामाची माहिती ठरलेल्या नमुन्यात (पूर्वीचा सी फॉर्म) सरकारला कळवावी.

आबोली :
दांपत्याला पत्र लिहिले आहे. यंदा कोणी तरुण पाठवायचाच असेल, तर सुतारकाम जाणणारा एकच पाठवावा, तोही महिन्याभरासाठी, असे कळवले. देणगी पूर्वपरवानगी मिळेपर्यंत थांबवली आहे. सोमवारी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन केंद्राची कल्पना मांडणार आहोत. म्हापसा परिसरात कन्नड बोलणारी, मुलांची आवड असलेली आणि पूर्णवेळ काम करू शकणारी बाई कोणाच्या माहितीत आहे का?

सत्तरीचा :
आधी मुलांच्या आयांनाच विचारा. बारांपैकी एखादी तरी रोजंदारी सोडून पगारावर यायला तयार होईल. कोणी मिळाली नाही, तर वास्कोला कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, तेथील निवृत्त शिक्षिकांकडे चौकशी करावी.