मदत हवी आहे: ग्रुपमध्ये वाजवताना ३ विरुद्ध ४ सुटतं

कॉलेजच्या पर्कशन एन्सेंबलमध्ये (तालवाद्यांच्या ग्रुपमध्ये) या वर्षी पहिल्यांदाच आहे, माझ्याकडे स्नेअर ड्रम. एका तुकड्यात मरिंबावाले (लाकडी पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य) एका बारमध्ये, म्हणजे ठरावीक मात्रांच्या एका भागात, ४ ठोके सरळ वाजवतात आणि मला त्याच बारमध्ये ३ समान ठोके टाकायचेत, असं सलग ८ बार. एकट्याने मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं यंत्र) ६० वर लावून सुरुवात केली, आता ९६ ला आरामात बसतं, पण सगळे एकत्र वाजवायला लागले की दुसऱ्या-तिसऱ्या बारलाच माझा हात त्यांच्या ४ कडे ओढला जातो.

काय करून बघितलं: पायाने ४ आणि हाताने ३, तोंडाने मोजणं, मेट्रोनोमचा फक्त बारचा पहिला ठोका चालू ठेवणं, तालमीचं रेकॉर्डिंग लावून त्यावर वाजवणं (हे त्यातल्या त्यात बरं जमतं). नोटेशन वाचता येतं, तो प्रॉब्लेम नाहीये. घरी फक्त प्रॅक्टिस पॅड आहे, एकत्र तालीम आठवड्यातून दोनदाच, कार्यक्रमाला ३ आठवडे उरलेत आणि तिथे कंडक्टर नसणारे म्हणजे बघून सावरायची सोय नाही.

ज्यांनी असं ग्रुपमध्ये वाजवलंय त्यांनी प्लीज सांगा, त्या ८ बारमध्ये कान मरिंबावर ठेवून दोन्ही मिळून होणारी एकच रिदम ऐकायची, की त्यांच्याकडे लक्ष न देता फक्त आपले ३ धरून पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर भेटायचं?