जमिनीवर अंडी घालणं जातीतच असतं का? केज-फ्रीवाल्यांनो मदत करा

माळावरचा_शेडवाला:
नमस्कार मंडळी, पुरंदरला आमचं छोटं केज-फ्री, म्हणजे पिंजऱ्याविना शेड आहे, ४०० ब्राऊन लेअर (अंड्यांच्या तांबड्या कोंबड्या), खाली भाताचं तूस, दिवसा बाहेर जाळीच्या आवारात सोडतो. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) १६ आठवड्यांच्या झालेल्या विकत आणल्या, आता २७ वा आठवडा चालू आहे. अंडी मिळतायत त्याबद्दल तक्रार नाही पण रोज चाळीसेक अंडी त्यासाठी ठेवलेल्या पेटीच्या बाहेर, कोपऱ्यात, फीडरखाली, पाण्याच्या पाइपाला लागून, आणि एक बया तर रोज दाराच्या उंबऱ्याला चिकटून घालते, दार उघडलं की अंडं फुटलंच. पेट्या कमी नाहीत, युरोपात सात कोंबड्यांना एक पेटी लागते असं वाचून मी ६० केल्या. मळलेली अंडी सोसायटीतलं गिऱ्हाईक घेत नाही, धुतली तर टिकत नाहीत, मग घरी खा नाहीतर बेकरीवाल्याला पडेल त्या भावात द्या. ज्यांच्याकडून तलंगा घेतल्या त्यांना फोन केला तर म्हणे साहेब जातच तशी आहे, रक्तातच असतं.

तर प्रश्न असा की हे खरंच रक्तात असतं का? आणि असेल तर पेटीत घालणाऱ्या कोंबड्या बाजूला काढून त्यांच्याच अंड्यांची पिल्लं काढली तर दोन-तीन वर्षांत सुटेल का हे? बायको म्हणते वंश सुधारायला निघालास, आधी पेट्या साफ कर.

रस्सा_वाढा:
वहिनींचं बरोबर आहे. पेटीत एकेक पिंगपाँगचा बॉल ठेवून बघा, आमच्या आजोबांकडे खडूची अंडी असायची. बाकी मला कोंबडीचं फक्त शिजवल्यानंतरचं ज्ञान आहे.

पिसं_आणि_जनुकं:
मी नेदरलँड्समध्ये लेअर ब्रीडिंगच्याच, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचे वाण निवडून तयार करायच्या कामात आहे त्यामुळे जरा लांबण लावणार, माफ करा. रक्तात असतं हे अर्धं खरं आहे, पण त्यांनी ते हात झटकायला वापरलंय.

आधी ओढ आणि जागा हे दोन वेगळे करा. अंडं यायच्या आधी जागा शोधायची ओढ हार्मोनमधून येते. बीजांड सुटलं की अंडाशयावर जी रिकामी पिशवी उरते तिच्याशी दुसऱ्या दिवशीचा 'चल, जागा शोध' हा हुकूम बांधलेला असतो. एडिंबरात वुड-गश आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १९६४ च्या सुमाराला ती पिशवीच काढून बघितली तर कोंबडीचं जागा शोधणं बिघडलं. ही ओढ प्रत्येकीत आहे, पिढ्यान्‌पिढ्या केजमध्ये वाढलेल्या वाणातही आहे, केजमधली कोंबडी अंड्याच्या आधी अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालते ना, ती हीच. फरक पडतो तो कोणाला कुठली जागा 'हां, ही बरी' वाटते त्यात, आणि इथे जनुकांचा हात आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या मॅकगिबन या संशोधकांनी यावर पेपर लिहिला होता, त्यांचं म्हणणं शीर्षकातच होतं, जमिनीवर अंडी घालणं पिढीतून पुढे जातं आणि वातावरणानेही बदलतं. दोन्ही.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेन राज्याच्या संशोधन केंद्रात वगैरे ट्रॅपनेस्ट वापरायचे. कोंबडी पेटीत गेली की मागे दार पडायचं, मग माणूस येऊन पायातला नंबर बघणार, वहीत अंडं लिहिणार आणि तिला सोडणार, दिवसभर हेच. आता विचार करा, जी कोंबडी कोपऱ्यात तुसात घालायची तिचं अंडं तिच्या नावावर चढायचंच नाही. वहीत ती नापास. म्हणजे निवड चालली होती जास्त अंड्यांसाठी पण न ठरवता पेटीत घालणारीचीच निवड होत गेली. मग एकेका कोंबडीचे केज आले. तिथे कशीही घाला, अंडं उतारावरून घरंगळत पुढेच येणार, हिशोब एकदम चोख, पण ती चाळणी गेली. त्यानंतरच्या सगळ्या पिढ्यांत पेटी आवडणारी आणि न आवडणारी दोघी सारख्याच मार्कांनी पास. मग युरोपियन युनियनचा १९९९ चा नियम आला, १ जानेवारी २०१२ पासून साधे केज बंद, आणि सगळ्यांना अचानक आठवलं की अरे, कोंबडीला पेटीत जावं लागतं.

खुडूक_कोंबडी:
मी गुहागरची. आमच्या आजीच्या कोंबड्या कुठे घालायच्या माहितीय? पेंढ्याच्या उडवीत, माळ्यावरच्या टोपलीत, एक तर आजोबांच्या खुर्चीखाली. आणि डालग्यात घातली तर आजीचं नशीब. एखादी तीन आठवडे गायब व्हायची, आजी म्हणायची कोल्ह्याने नेली, आणि मग एक दिवस दहा पिल्लं घेऊन डुलत डुलत अंगणात! मला तर वाटतं जमिनीवर घालणं हा दोष कसला, रानकोंबडी झुडपाखाली जमीन उकरूनच घालते की. पेटी हा आपला हट्ट.

एक शंका, हा खुडूकपणा आणि हे पेटीचं प्रकरण एकच का?

पिसं_आणि_जनुकं:
ताई, हट्ट आपला हे एकदम मान्य. कोंबडीच्या हिशोबाने भिंतीचा अंधारा कोपरा ही उत्तम पेटीच आहे.

खुडूकपणा वेगळा. तो अंडी घालून झाल्यावर रवणाला बसायचा, त्यात प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, अंडी बंद होतात, म्हणून लेअरवाल्यांनी तो फार आधीच निवडून काढून टाकला. व्हाइट लेगहॉर्न ही अंड्यांची पांढरी जात जवळजवळ बसतच नाही. प्रोलॅक्टिनच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात डीएनएच्या २४ अक्षरांचा एक तुकडा जास्तीचा असतो, लेगहॉर्नमध्ये तो सापडतो आणि त्याचा संबंध न बसण्याशी लावतात. पेटीच्या आवडीला असं एखादं बटण सापडलेलं नाही, तिथे बारीक बारीक पुष्कळ जनुकं मिळून काम करतात. रवणाला बसणं घालवलं तरी जागा शोधणं गेलं नाही, हे बघा किती वेगळे धागे आहेत.

माळावरचा_शेडवाला:
डॉक्टर (डॉक्टरच असाल असं धरतो), एवढं कळलं. मग आता युरोपात करतात काय? परत दार पडणाऱ्या पेट्या आणि वहीवाला माणूस? आणि माझ्या निवडीच्या प्लॅनचं काय झालं?

पिसं_आणि_जनुकं:
डॉक्टर आहे पण औषधं देणारा नाही 🙂

माणसाच्या जागी चिप आली. म्युनिकजवळ वाइहेनश्टेफानला एक पेटी बनवली, कोंबडीच्या अंगावर चिप, एका वेळी एकच आत जाते, अंडं खाली घरंगळून नळीत क्रमाने जमा होतं, आणि कोंबडी आपली आपण बाहेर पडते. कोण आली, कधी आली, किती वेळ बसली, अंडं दिलं की नुसती बसून गेली, सगळं नोंदलं जातं. फ्रान्समध्येही ऱ्होड आयलंड रेड आणि लेगहॉर्न या जातींवर इलेक्ट्रॉनिक पेट्या लावून असंच काम झालंय. साधारण चित्र असं की अंडं कोणत्या वेळी घालायचं हे बऱ्यापैकी आनुवंशिक, आणि पेटी स्वीकारणं त्याहून कमी, पण निवड करता येईल इतकं नक्की.

अडचण बघा पण. मंगळवारी ४१२ नंबरच्या नावावर अंडं नाही. तिने घातलंच नाही की तुसात घातलं? पेटीला कळत नाही. म्हणजे पेटीतल्या अंड्यांचा आकडा हा अंडी देण्याची ताकद आणि पेटीची आवड यांची खिचडी असते, ती वेगळी करायला फार डोकं लागतं.

तुमच्या प्लॅनला तीन खोडे. एक, तुमच्या ब्राऊन कोंबड्या हायब्रीड आहेत, चार वेगवेगळ्या शुद्ध ओळींचा मेळ, त्यांची पिल्लं काढलीत तर पत्ते पिसल्यासारखं होतं, एक आजीवर एक पणजोबावर. दोन, कोंबडा. तो अंडी घालत नाही पण अर्धी जनुकं त्याची, मग त्याला मार्क कशावर द्यायचे? त्याच्या बहिणी आणि लेकी बघून, किंवा हल्ली रक्ताच्या थेंबावरून जनुकांच्या खुणा वाचून. तीन, ४०० कोंबड्यांत कोणती अंडी कोणाची हेच तुम्हाला माहीत नाही. हे काम वर, शुद्ध ओळींच्या पातळीवर व्हायला हवं, तुमच्या शेडमध्ये नाही. तुमचं काम वाण निवडताना विचारणं, की याची निवड फक्त केजच्या नोंदींवर झालीये की जमिनीवरच्या कळपातल्याही.

बाकी मला एक सांगा, तलंगा वाढवल्या कशा होत्या?

ढवळी_तांबडी:
मी पशुवैद्य, सांगली भागात लेअर बघतो. सर शेवटी जे विचारतायत तिथेच गोम आहे. पिल्लाला पहिल्या चार आठवड्यांत वर चढून बसायला दांडी मिळाली नाही तर ते उंचावर चढायला शिकत नाही, पुढे तीच कोंबडी पेटीखाली उभी राहून वर बघत बसते. ब्राऊन अंगाने जड, पांढरीसारखी उडत नाही, त्यात पेटी कमरेएवढी उंच असली की संपलं. पेट्यांची उंची किती? समोर उभं राहायला पट्टी आहे का? पत्र्याच्या असतील तर दुपारी हात घालून बघा, भाजतं. फटींत लाल माईट (रात्री रक्त पिणारी बारीक कीड) आहे का, रात्री बॅटरी घेऊन बघा, माईट असेल तर कोंबडी आत जाणारच नाही आणि तुम्ही जातीला शिव्या देत बसाल.

आणि खाद्य किती वाजता टाकता? ब्राऊन साधारणपणे सकाळी लवकर घालतात, लाइट लागल्यावर पहिले चार-पाच तास, त्याच वेळी फीडर भरला तर ती खायला जाते आणि तिथेच घालते. फीडरखालची अंडी तिथून येतात बघा. जमिनीवरचं अंडं दिसलं की लगेच उचला, एक पडलं की दुसरीला वाटतं जागा बरी आहे.

माळावरचा_शेडवाला:
तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. पुन्हा फोन केला आणि खोदून खोदून विचारलं. १६ आठवड्यांपर्यंत तलंगा केजमध्येच होत्या! दांडी कधी बघितलीच नाही त्यांनी. रक्तात म्हणे.

पेट्या अडीच फुटावर होत्या, त्या दीड फुटावर घेतल्या, पुढे बांबूच्या दोन पायऱ्या. माईट निघाले, किती ते सांगत नाही, मी दोन दिवस खाजवत होतो. खाद्य आता साडेदहाला. कोपऱ्यांत फळ्या आडव्या मारल्या. सकाळी पावणेसहापासून स्टूल टाकून बसतो, बाहेर घालणाऱ्यांच्या पायात निळे झिप टाय बांधले. चाळीसची पंधरा-सोळावर आलीयेत. गंमत म्हणजे ६० पेट्यांतल्या दोन्ही टोकांच्या पेट्यांसमोर रांग, एकीत तीन तीन घुसतात आणि मधल्या रिकाम्या.

उंबऱ्यावाली काही केल्या हलत नाही. सहा चाळीसला येते, दाराजवळ दोनदा गोल फिरते, छातीने तूस मागे ढकलते, मग मानेने काडी काडी उचलून पाठीवर टाकते आणि बसते. बघत राहावंसं वाटतं. शेवटी मीच हरलो, तिथे भाजीचा क्रेट आडवा करून आत तूस टाकलं. आता ती क्रेटमध्ये घालते, आणि अजून चार जणी तिच्यामागे.

ढवळी_तांबडी:
मस्त. आता क्रेट रोज वीतभर पेटीकडे सरकवा, घाई करू नका. सहा चाळीसच्या आधी सरकवा पण, ती बसल्यावर नको.