मदत हवी आहे: जीमॅटच्या 'वीकन'च्या प्रश्नांत दोन पर्यायांवर अडकतो

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांनी जीमॅट (एमबीए प्रवेशाची परीक्षा) आहे. व्हर्बलमध्ये, म्हणजे भाषा-तर्काच्या विभागात, ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम दोन मिनिटं. 'वीकन', म्हणजे दिलेला युक्तिवाद सर्वांत कमकुवत करणारा पर्याय निवडा, म्हटलं की मी तीन पर्याय पटकन खोडतो आणि उरलेल्या दोनांत हमखास चुकीचा धरतो.

कालचंच घ्या (आकडे-नावं बदलून लिहितोय). पुलावर कॅमेरे बसवले, वर्षभरात अपघात निम्मे झाले, म्हणून ही कॅमेऱ्यांचीच करामत, असा निष्कर्ष. मी निवडलं: 'काही चालकांना कॅमेऱ्यांचा पत्ताच नव्हता.' उत्तर निघालं: 'त्याच वर्षी बायपास सुरू झाला आणि अवजड ट्रक तिकडे वळले.'

दुसरं कारण दाखवलं की निष्कर्ष डळमळतो, हे आता कळतंय. पण माझा पर्यायही थोडा धक्का देतोच ना? की 'काही' या शब्दामुळे तो लंगडा पडतो? बाकीच्यांना माहीत असेलच की!

पर्याय वाचण्याआधी तुम्ही गृहीतक मनात मांडता का? त्यात वेळ जात नाही? 'नुसता सराव कर' सोडून काहीही सांगा, तो चालूच आहे.